कॉम्प्युटरला अँटीव्हायरस विकत घ्यावा का? आधी फुकटातलं बघा



आपल्या कितीतरी घरांत आता कॉम्प्युटर नाहीतर लॅपटॉप आलाय. कुणी मुलीच्या कॉलेजसाठी घेतला, कुणाला पुण्या-मुंबईच्या भावाने वापरलेला दिला, कुणी गटाच्या हिशोबासाठी सेकंडहँड उचलला. तो घरात आला की काही दिवसांत एक प्रश्न ठरलेला असतो : "ताई, दुकानदार म्हणतो अँटीव्हायरस संपलाय, नवीन टाकायला लागेल. टाकू का?"

उत्तर आधीच सांगते. बहुतेक घरांत पैसे देऊन अँटीव्हायरस घ्यायची गरज नसते. चांगला अँटीव्हायरस तुमच्या विंडोजमध्ये आधीपासून बसवलेला असतो आणि त्याला एक रुपयाही पडत नाही. फक्त तो चालू आहे का, हे बघावं लागतं. आणि बाहेर "फुकट, फुकट" म्हणून जे दिसतं त्यातलं कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे कळावं लागतं.

हे समजून घ्यायला थोडा वेळ द्या. कारण त्या कॉम्प्युटरमध्ये आता नुसती गाणी आणि लग्नाचे फोटो राहिलेले नाहीत. गटाची कर्ज खतावणी त्यात आहे. दहा-बारा जणींच्या आधार कार्डांचे, पासबुकांचे स्कॅन आहेत. कुणाचं नेट बँकिंग त्याच्यावरच चालतं. कॉम्प्युटर आपल्या घरात असला तरी आतली निम्मी माहिती दुसऱ्या बायांची आहे, आणि त्यांनी ती आपल्या भरवशावर दिलेली आहे.

व्हायरस म्हणजे काय आणि अँटीव्हायरस करतो काय?

व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेला खोडसाळ प्रोग्रॅम. तो आपोआप हवेतून येत नाही. पेनड्राइव्हमधून, ईमेलला जोडलेल्या फाइलमधून, भलत्या वेबसाइटवरून उतरवलेल्या गाण्या-सिनेमातून, नाहीतर "फुकट सॉफ्टवेअर"च्या नावाखाली तो आत शिरतो. आत आल्यावर काय करेल, ते त्या त्या व्हायरसवर आहे. काही नुसते जाहिराती दाखवतात आणि कॉम्प्युटर हळू करतात. काही आपण टाइप केलेले पासवर्ड टिपून बाहेर पाठवतात. काही आपला कॉम्प्युटर गुपचूप वापरून दुसऱ्यांवर हल्ले करतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. आणि सगळ्यात वाईट जात म्हणजे रॅन्समवेअर. तो सगळ्या फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो.

अँटीव्हायरसचं काम जत्रेतल्या पोलिस चौकीसारखं समजा. चौकीत सराईत पाकीटमारांचे फोटो लावलेले असतात. त्यातला कुणी दिसला की पकडला. शिवाय फोटोत नसलेला पण उगाच गर्दीत घुसून लोकांच्या खिशाजवळ हात नेणारा कुणी असेल, तर त्याच्यावरही लक्ष. अँटीव्हायरस नेमकं हेच करतो : ओळखीच्या व्हायरसची यादी ठेवतो आणि एखादा प्रोग्रॅम संशयास्पद वागला तर त्याला अडवतो. यादी रोज वाढत असते, म्हणून ती रोज इंटरनेटवरून घ्यावी लागते. सहा महिने इंटरनेटला न जोडलेल्या कॉम्प्युटरमधला अँटीव्हायरस म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचे फोटो घेऊन बसलेली चौकी. मग तो महागाचा असो की फुकटचा.

घरात आहे तो आधी बघा

विंडोज ८ पासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस आत येतो. पूर्वी त्याला विंडोज डिफेंडर म्हणायचे, आता मायक्रोसॉफ्ट डिफेंडर म्हणतात. तो चालू आहे का, हे असं बघा.

स्टार्टचं बटण दाबा आणि इंग्रजीत विंडोज सिक्युरिटी असं टाइप करा. ढालीचं चित्र असलेलं नाव वर येईल, ते उघडा. आत पहिलाच चौकोन व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनचा असतो. त्यावर हिरवी बरोबरची खूण असेल तर काळजी नाही. पिवळी खूण म्हणजे काहीतरी करायचं राहिलंय, बहुतेक वेळा एक बटण दाबलं की होतं. लाल फुली असेल तर पहारा बंद आहे, तिथलं टर्न ऑन बटण दाबा.

त्याच पानावर क्विक स्कॅन नावाचं बटण आहे. ते दाबलं की डिफेंडर नेहमीच्या लपायच्या जागा तपासतो. स्कॅन ऑप्शन्समध्ये गेलात तर फुल स्कॅन मिळेल. त्यात सगळी डिस्क तपासली जाते, जुन्या लॅपटॉपवर त्याला तासन् तास लागू शकतात. रात्री जेवणं झाल्यावर लावून ठेवा, चार्जर जोडून. तिथेच आणखी एक पर्याय आहे, ऑफलाइन स्कॅन. तो कॉम्प्युटर बंद-चालू करून विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी करतो, साधारण पाव तास लागतो. जे व्हायरस विंडोज चालू असताना दडून बसतात आणि पुसले तरी परत परत येतात, त्यांच्यासाठी हा उपाय आहे. दाबायच्या आधी उघड्या फाइली सेव्ह करा.

थोडं खाली व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन अपडेट्स असं लिहिलेलं दिसेल. यादी शेवटची कधी आली, ती तारीख तिथे असते. आजची किंवा कालची असेल तर उत्तम. जुनी असेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा आणि चेक फॉर अपडेट्स दाबा. गावात वायफाय नाही म्हणून बरेच कॉम्प्युटर महिनोन् महिने नेटला जोडलेच जात नाहीत. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, अर्धा-पाऊण तास हॉटस्पॉट देऊन ठेवा. मोबाइलच्या डेटाला जपत असाल तर यादीचं अपडेट तेवढं तरी घ्याच, विंडोजची मोठी अपडेटं महिन्यातून एकदा डेटा उरलेला असेल त्या दिवशी घेतली तरी चालतील.

एक सांगून ठेवते. डिफेंडर याच नावाचं एक वेगळं ॲपही मायक्रोसॉफ्टचं आहे, ते त्यांच्या वर्गणीबरोबर येतं. ते पैसे मागायला लागलं तर घाबरू नका. आपल्याला ते नको आहे. आपला अँटीव्हायरस विंडोज सिक्युरिटीमध्ये आहे, तो कधीच पैसे मागत नाही.

"मग दुकानदार का म्हणाला संपलाय?"

नवीन लॅपटॉपवर बऱ्याचदा एखाद्या कंपनीचा अँटीव्हायरस थोड्या दिवसांसाठी नमुना म्हणून टाकून देतात. मुदत संपली की तो दर दोन दिवसांनी लाल पाटी दाखवतो : तुमचं संरक्षण संपलं, पैसे भरा. बाई घाबरते आणि भरते. खरं तर दुसरा अँटीव्हायरस असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, कारण एका कॉम्प्युटरमध्ये दोन पहारेकरी एकमेकांनाच चोर समजून भांडतात आणि कॉम्प्युटर हळू होतो. म्हणून मुदत संपलेला नमुना सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, आणि वर सांगितल्याप्रमाणे विंडोज सिक्युरिटी उघडून हिरवी खूण बघा. डिफेंडर परत कामावर आलेला असतो.

सगळेच दुकानदार फसवतात असं मला म्हणायचं नाही. कितीतरी दादा बिचारे एक पैसा न घेता मदत करतात. पण एक वाक्य ऐकलंत तर सावध व्हा : "हे टाकायला अँटीव्हायरस बंद करावा लागेल." चोरीचं विंडोज किंवा चोरीचं ऑफिस चालवायला जो क्रॅक नावाचा प्रोग्रॅम टाकतात, त्याला डिफेंडर पकडतो, म्हणून डिफेंडरच बंद करून ठेवायचा. घराचं दार उघडं ठेवून आत कपाटाला कुलूप लावण्यातला प्रकार आहे हा. सेकंडहँड लॅपटॉप घेताना ही ढाल उघडून बघायला विसरू नका. डिफेंडर बंद दिसला आणि चालू करूनही परत परत बंद होत असेल, तर तो लॅपटॉप आहे तसा वापरू नये. माहितगाराकडून आतलं सगळं पुसून खरं विंडोज नव्याने टाकून घ्या.

आणि क्रॅक केलेला अँटीव्हायरस! म्हणजे विकतचा अँटीव्हायरस चोरून फुकट. याच्याइतकी उलटी गोष्ट नाही. ज्याने तो फोडला त्याने आत काय भरलंय, कोण सांगणार?

अपडेट का महत्त्वाचं, याचं एक उदाहरण

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना शस्त्रक्रिया आणि तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्या देशातही काही ठिकाणी कॉम्प्युटर अडकले. तो विंडोजमधल्या ज्या फटीतून शिरत होता, ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्याकडे तो त्या फटीतून शिरू शकला नाही. "अपडेट फार वेळ खातं, नंतर करू" म्हणणारे सापडले.

याच कारणासाठी तुमचं विंडोज कितवं आहे, हे माहीत असू द्या. विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल, तिच्यात इंग्रजीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर अशी सहा अक्षरं टाइप करून एंटर दाबा. कोणतं विंडोज, ते समोर येईल.

११ असेल तर काही करायचं नाही. विंडोज ७ असेल तर त्याला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून अपडेट देणं थांबवलंय. त्यावर बँकेचं काम, गटाचं काम करू नये, कितीही चांगला अँटीव्हायरस टाकला तरी. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं ते विंडोज १०. त्याचाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण घरगुती वापरणाऱ्यांना आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची अपडेटं घेता येतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ही नोंदणी फुकट होते. दुवा दिसत नसेल तर आधी राहिलेली सगळी अपडेटं घ्या आणि मग बघा.

लॅपटॉप ११ घेण्याइतका नवा असेल तर ते अपडेटही फुकट आहे. नसेल आणि फक्त टायपिंग, हिशोब, युट्यूब एवढंच काम असेल, तर लिनक्स हा फुकटचा पर्याय आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाचं लिनक्स बनवलंय, त्यात भारतीय भाषांची सोय आहे. मात्र लिनक्स टाकून द्यायला कॉम्प्युटर शिकलेली पोरं लागतील, आणि टॅली किंवा विंडोजसाठीचं दुसरं सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालत नाही. गटाचा कॉम्प्युटर असेल तर आधी विचारून मगच.

बाकीचे फुकटवाले

डिफेंडरशिवाय आणखी कंपन्यांचे फुकट अँटीव्हायरस मिळतात. अवास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडर ही नावं तुम्ही ऐकली असतील. वाईट नाहीत, व्हायरस पकडतात. पण कंपनीला पोट असतं, मग फुकट देऊन तिचं कसं भागतं? बहुतेकींचं भागतं ते "पैसेवाला घ्या, पैसेवाला घ्या" असं सतत कानाशी लावून. त्याचा वैताग येतो, पण ते उघड असतं. कधी कधी मात्र व्यवहार वेगळाच निघतो. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांनी कुठल्या वेबसाइट पाहिल्या ही माहिती जंपशॉट नावाच्या आपल्याच एका कंपनीमार्फत विकली होती. २०२० मध्ये हे उघडकीला आल्यावर जंपशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारानेच घरात काय काय आहे ते बाहेर सांगितलं, असं झालं. म्हणून माझं मत : डिफेंडर चालू असेल तर वर दुसरा पहारेकरी बसवू नका.

एका वेळी मात्र दुसऱ्याची मदत घ्यावी. कॉम्प्युटर विचित्र वागतोय आणि डिफेंडरला काही सापडत नाही, तेव्हा. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती अशा वेळी तपासणीला उपयोगी पडते. पहिले काही दिवस ती विकतची सगळी कामं दाखवते, नंतर फक्त आपण सांगू तेव्हाच तपासते आणि डिफेंडरच्या मध्ये येत नाही. मायक्रोसॉफ्टचाही सेफ्टी स्कॅनर नावाचा फुकट तपासनीस आहे. तो उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून गरज पडेल तेव्हा ताजा उतरवायचा.

विकतच्यांमध्ये आपल्या मातीतलं नाव म्हणजे क्विक हील. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांचे भाऊ संजय यांनी व्हायरस काढायचे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. अभिमानाची गोष्ट आहे. कुणाचं दुकान आहे, पाच-सहा कॉम्प्युटर आहेत, रोज दहा गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, अशांनी विकतचा घेतला तर मी नको म्हणणार नाही. तिथे फोनवर मदत मिळते, त्याची किंमत असते. घरच्या एका लॅपटॉपला तेवढी गरज नसते, आणि गटाच्या निधीतून तर घाईने घेऊ नये. आधी ढालीची हिरवी खूण बघा, मग ठराव करा.

सरकारचं फुकट औषध

तुमच्या मोबाइलवर कधी असा मेसेज आला असेल की, भारत सरकारच्या सर्ट-इन तर्फे फ्री बॉट रिमूव्हल टूल उतरवा, आणि खाली सीएसके डॉट गव्ह डॉट इन असा पत्ता. बऱ्याच जणी तो फसवणुकीचा समजून पुसून टाकतात. पत्ता खरा आहे. सायबर स्वच्छता केंद्र असं त्याचं नाव, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलं. तिथे क्विक हील, ई-स्कॅन, के-सेव्हन या भारतीय कंपन्यांची सफाईची साधनं फुकट मिळतात. सी-डॅकने पेनड्राइव्हवर पहारा ठेवायला बनवलेलं यूएसबी प्रतिरोधही तिथलंच.

फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, सफाईचं साधन हे जुलाबाच्या औषधासारखं आहे, त्रास झाला तेव्हा घ्यायचं. ते रोजचा पहारा देत नाही, म्हणून डिफेंडर चालूच ठेवायचा. दुसरं, मेसेजमधल्या निळ्या दुव्यावर बोट टेकवू नका. मेसेज खरा असला तरीसुद्धा. पत्ता स्वतः ब्राउझरमध्ये टाइप करा, कारण त्याच मेसेजची नक्कल करून दुसरा पत्ता घालणं कुणालाही जमतं. पत्त्याचा शेवट गव्ह डॉट इन असाच आहे ना, ते बघा. मध्ये कुठेतरी गव्ह असून शेवट दुसराच असेल तर तो सरकारचा नाही.

सगळ्यात जास्त फसतात ती जागा

खरा व्हायरस सहसा ओरडत नाही, गुपचूप काम करतो. ओरडतो तो खोटा. तुम्ही काहीतरी बघत असता आणि अख्खी स्क्रीन लाल होते. भोंगा वाजतो, इंग्रजीत मोठं मोठं लिहिलेलं असतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्हसुद्धा. फोन केला की पलीकडून गोड बोलणारा माणूस एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाकायला सांगतो, तुमची स्क्रीन आपल्या ताब्यात घेतो आणि दुरुस्तीच्या नावाने बँकेत शिरतो.

मायक्रोसॉफ्ट अशा पाटीवर कधीही फोन नंबर देत नाही. ही पाटी म्हणजे नुसती एक वेबसाइट असते. एस्केप बटण थोडं दाबून धरा, खिडकी बंद करा. नाहीच झाली तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि क्रोम किंवा जो ब्राउझर असेल तो बंद करा. तेही जमत नसेल तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा. कॉम्प्युटर बिघडत नाही. परत चालू केल्यावर "जुनी पानं उघडू का" असं विचारलं तर नको म्हणा.

दुसरा प्रकार जरा साधा. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखे छोटे मेसेज : पाच व्हायरस सापडले, अँटीव्हायरसची मुदत संपली. हा बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कधीतरी कुठल्या वेबसाइटने "नोटिफिकेशन पाठवू का?" विचारलं आणि घरातल्या कुणीतरी अलाव दाबलं, त्याचं फळ. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या वेबसाइटांची यादी असते. अनोळखी नावं एकेक करून काढून टाका. लगेच शांत होतं. याच कामाचे बाहेर शंभर-दोनशे रुपये घेतात.

झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह

बँकेला द्यायची कर्ज मागणीची फाइल प्रिंट करायला आपण पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याला जातो. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये दिवसाला पन्नास पेनड्राइव्ह लागतात. घरी येऊन लावला की सगळी फोल्डरं गायब, त्यांच्या जागी बाणाचं चित्र असलेले शॉर्टकट. बाईच्या पोटात गोळा येतो. आणि शेजारचा मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारा.

फॉरमॅट मारू नका! फाइली बहुतेक वेळा जागेवरच असतात, व्हायरसने त्या फक्त लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नका, कारण क्लिक केलं की व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये उतरतो. पेनड्राइव्हच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबा, स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर निवडा. विंडोज ११ मध्ये ते लगेच दिसलं नाही तर शो मोअर ऑप्शन्स दाबा. सफाई झाल्यावर लपलेल्या फाइली परत दिसण्यासाठी वरच्या व्ह्यू मध्ये हिडन आयटेम्सवर खूण करा. तरी दिसल्या नाहीत तर कॉम्प्युटर शिकलेल्या मुलाला ॲट्रिब कमांड विचारा, त्याला कळेल.

त्याहून बरं म्हणजे प्रिंटचा पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा. लाल दोरी बांधा त्याला. त्यात फक्त छापायची तेवढीच फाइल, दुसरं काही नाही. दुकानातून आल्यावर आधी स्कॅन, मगच उघडायचा. दुकानात फाइल व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर आधार कार्ड, पासबुक यांची फाइल प्रिंट झाल्यावर समोरच पुसायला लावा. दुकानदाराला राग येत असेल तर येऊ दे.

गटाच्या खतावणीची दुसरी प्रत

अँटीव्हायरस कितीही चांगला असला तरी शंभर टक्के खात्री कुणी देत नाही. म्हणून गटाचा हिशोब ज्या फाइलमध्ये आहे तिची दुसरी प्रत हवीच. दर महिन्याच्या बैठकीनंतर ती फाइल एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, फाइलच्या नावात महिना घाला, पेनड्राइव्ह काढा आणि गटाच्या दप्तराबरोबर पेटीत ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं आहे. लॅपटॉपलाच खोचून ठेवला तर रॅन्समवेअर त्यालाही कुलूप घालतो. नेट असेल तर गुगल ड्राइव्हवर आणखी एक प्रत ठेवा, पण ती गटाच्या नावाच्या ईमेलवर असावी, एकट्या सचिवाच्या मुलाच्या ईमेलवर नको. आणि कागदी रजिस्टर बंद करू नका.

फाइलींना कुलूप लागलंच तर पैसे पाठवू नका. किल्ली मिळेलच असं नसतं. युरोपातल्या पोलिसांनी २०१६ मध्ये काही सुरक्षा कंपन्यांबरोबर नो मोअर रॅन्सम नावाची वेबसाइट सुरू केली. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही, पण बघायला हरकत नाही.

आणि खात्यातून पैसे गेले असतील तर कॉम्प्युटरकडे नंतर बघा. आधी नेट तोडा, आणि मोबाइलवरून १९३० ला फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. दुसरा फोन बँकेला, पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. गुगलवर शोधलेल्या नंबरवर नको, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात करता येते. पासवर्ड बदलायचे तेही त्या कॉम्प्युटरवरून नाही, दुसऱ्या मोबाइलवरून. गटाच्या खात्याचा प्रश्न असेल तर अध्यक्ष आणि सचिव दोघींनी त्याच दिवशी बँकेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोचची प्रत दप्तरात लावावी.